अंगावर काढू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता ‘ज्येष्ठ नागरिकांची गुंतवणूक’. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण एप्रिल आला की निम्मी सोसायटी टीडीएसचे फॉर्म घेऊन माझ्याकडे येतेच. ते भाषण तुम्ही हप्त्याहप्त्याने ऐकलेलं आहे. म्हणून आज कमिटीची परवानगी घेऊन मी वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. बायकांच्या गर्भाशयात गाठी होतात, डॉक्टर त्यांना फायब्रॉइड म्हणतात. त्या झाल्या की औषधं घ्यायची की ऑपरेशन करायचं, हा तो विषय.

सकाळी फिरायला जाताना मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “अहो, हा बायकांचा विषय. तुम्ही कशाला मध्ये पडता?” खरं सांगतो, ‘हा बायकांचा विषय’ असं समजूनच मी एके काळी वर्षभर गप्प बसलो होतो, आणि ते माझ्या बायकोला फार महाग पडलं. आज बोलतोय ते तिची परवानगी घेऊनच. ती समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या अटी दोन. आकडे खरे सांगायचे, आणि तिला ‘बिचारी’ करायचं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हाचे दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. नळाला पाणी एक वेळ, रस्ता कच्चा, आणि लिफ्ट बसवलेली पण परवाना नसल्यामुळे बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. बहात्तर पायऱ्या. माझी पत्नी तेव्हा बेचाळीस वर्षांची. भाजीची पिशवी घेऊन वर येताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची. सगळ्यांना वाटायचं, जिन्याचा त्रास आहे. मलाही तेच वाटायचं. लिफ्टसाठी मी बिल्डरला तीन पत्रं लिहिली. बायको का थांबते, हे तिला एकदाही विचारलं नाही.

तिच्या अंगावरून फार जात होतं. महिन्याचे आठ-आठ दिवस, गाठी पडायच्या, रात्री दोनदा उठावं लागायचं. हे सगळं मला नंतर कळलं. एकाच घरात, एकाच खोलीत राहून नंतर कळलं! मैत्रिणींनी तिला उपाय सांगितले होते. कोणी अशोकारिष्ट, कोणी गूळ-शेंगदाणे, कोणी “चाळिशीनंतर असं होतंच गं” हा सगळ्यात सोपा उपाय. तिनेही अंगावर काढलं. आपल्याकडे बायकांना अंगावर काढायची सवय लहानपणापासून लावली जाते, आणि पुरुषांना ते न दिसण्याची.

जानेवारीत ती स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन आली. सोनोग्राफीत गाठी निघाल्या. तिने मला सांगितलं, आणि मी काय म्हणालो? “एकतीस मार्च होऊ दे, मग बघू.” बँकेतल्या लोकांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. क्लोजिंग झालं की निवांत डॉक्टरांकडे जाऊ, असा माझा हिशेब. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर चक्कर येऊन पडली. खालच्या काकूंनी आवाज ऐकला म्हणून बरं. हिमोग्लोबिन निघालं ५.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात आणि ८ च्या खाली गेलं की गंभीर. ती ५.९ वर बहात्तर पायऱ्या चढत होती, आमच्या मुलीचा सहावीचा अभ्यास घेत होती आणि माझा डबा भरत होती.

रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. त्या बदल्यात रक्तपेढीला रक्त द्यायला याच सोसायटीतले दोघे जण स्कूटरवरून आले होते. त्यांतले एक आज आपल्यात नाहीत. त्यांचं ऋण मी कुठल्याच खात्यात फेडू शकलो नाही, म्हणून या व्यासपीठावरून त्यांची आठवण काढतो.

आता औषध की ऑपरेशन या मुद्द्याकडे येतो. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. “मुलं झाली आहेत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाका.” ते चुकीचं सांगत होते असं नाही. पण विचारायला जागाच ठेवली नव्हती. आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं. त्या दिवशी कळलेलं आणि नंतर मुलीच्या वेळी पुन्हा कळलेलं असं सगळं मिळून मी तुमच्यापुढे ठेवतो. मी डॉक्टर नाही. हे एका नवऱ्याचं आणि बापाचं ऐकीव ज्ञान आहे, पण दोन-तीन डॉक्टरांकडून पारखून घेतलेलं.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. ती फार सर्रास आढळते. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांना लहानमोठी गाठ झालेली असते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना ती आयुष्यभर कळतही नाही. ती कॅन्सरची नसते. कॅन्सरची निघण्याचं प्रमाण फारच कमी. शरीरातल्या स्त्री-हार्मोन्सवर ती वाढते, म्हणून पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसते.

गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे याला जास्त महत्त्व. सोसायटीच्या भाषेत सांगतो. बाहेरच्या भिंतीवर मोठा ओलसर डाग असला तरी आपण दोन पावसाळे काढतो, पण मीटरच्या पेटीवर थेंब थेंब गळायला लागलं की त्याच दिवशी प्लंबर बोलावतो. तसंच हे. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ रक्तस्रावाने बेजार करते, आणि बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी गाठ कधी कधी काहीच त्रास देत नाही. फार वाढली तर मूत्राशयावर दाब येतो, सारखं लघवीला जावं लागतं, किंवा पोट साफ होत नाही.

म्हणून पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. त्रास नसेल, हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर ठरावीक काळाने तपासणी करायची आणि लक्ष ठेवायचं. नुसती रिपोर्टमध्ये गाठ दिसली म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. मात्र पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली किंवा रक्त दिसलं, तर तातडीने दाखवायचं.

दुसरा पर्याय औषधांचा. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या फक्त त्या दिवसांत घ्यायच्या. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण मग त्या चालत नाहीत. हार्मोनच्या गोळ्या असतात. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं, दिसायला कॉपर टीसारखं, पण काम वेगळं. ते काही वर्षं टिकतं आणि रक्तस्राव बराच कमी करतं. गाठीमुळे पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर मात्र ते निसटू शकतं. आणि महिन्याची इंजेक्शनं असतात. त्यांनी गाठ खरोखर आकसते, पण हाडं ठिसूळ होण्याची भीती असल्याने ती सहसा तीन ते सहा महिनेच देतात, आणि थांबवली की गाठ पुन्हा वाढू लागते. थोडक्यात, बहुतेक औषधं त्रास आटोक्यात ठेवतात, गाठ विरघळवत नाहीत. बँकेच्या भाषेत मुद्दल तसंच राहतं, आपण हप्ता भरत राहतो. पण पाळी जायला वर्ष-दोन वर्षंच उरली असतील, तर हप्ता भरणं हेच शहाणपणाचं असू शकतं.

तिसरा पर्याय शस्त्रक्रियेचा, आणि त्यात प्रकार आहेत. फक्त गाठी काढून गर्भाशय ठेवता येतं. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी हा मार्ग. यात गाठी पुन्हा होण्याची शक्यता राहते. संपूर्ण गर्भाशय काढलं की गाठींचा प्रश्न कायमचा मिटतो, पण मूल होण्याचा मार्गही कायमचा बंद होतो. तेव्हा बीजांडकोश काढणार की ठेवणार, हे आवर्जून विचारायचं, कारण पाळी जाण्याच्या वयाआधीच ते काढले तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो. याशिवाय गाठींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या बारीक नळीतून आत जाऊन बंद करण्याचा उपाय आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तो १९९५ साली प्रथम मांडला. त्यात पोट उघडावं लागत नाही, पण पुढे गरोदरपण हवं असेल तर तो सहसा सुचवत नाहीत.

आता आमच्या घरी काय झालं ते सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त वाढवू, सहा महिने गोळ्यांवर बघू, मग ठरवा. सहा महिने गोळ्या झाल्या. रक्तस्राव थोडा कमी झाला, बंद झाला नाही. एका रविवारी हिने दुधाच्या हिशेबाची वही घेतली, मागचं पान काढलं आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘गोळ्या’, दुसऱ्या बाजूला ‘ऑपरेशन’. मी सवयीने म्हणालो, “खर्च लिही.” ती म्हणाली, “तो तुम्ही लिहा, माझा हिशेब वेगळा आहे.” तिने लिहिलं, महिन्याचे आठ दिवस, वर्षाचे बारा महिने, पाळी जायला अजून आठ वर्षं. आठ गुणिले बारा गुणिले आठ. सातशे अडुसष्ट दिवस. “एवढे दिवस मला अंधाऱ्या रंगाची साडी नेसून, जवळ संडास कुठे आहे ते बघत काढायचे नाहीत,” असं ती म्हणाली. मी आयुष्यभर व्याजाचे हिशेब केले, पण हा गुणाकार मला सुचला नव्हता.

दुसऱ्या बाजूला तिने भूल, पोटावरची टाक, सहा आठवडे जड न उचलणं आणि ‘भीती’ असं सगळं लिहिलं. भीती या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. तरीही निर्णय ऑपरेशनचा झाला. आधी तीन इंजेक्शनं देऊन गाठ लहान केली, रक्त ११ पर्यंत आणलं, मग ऑपरेशन. बीजांडकोश ठेवले. पाच दिवस दवाखान्यात. घरी आल्यावर बी विंगमधून दोन आठवडे डबा येत होता, आणि मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुकर लावायला शिकलो. तोवर लिफ्टही सुरू झाली होती.

भेटायला येणारे म्हणायचे, “सुटलीस बाई!” ती हसून मान डोलवायची. एकदा मात्र सगळे गेल्यावर मला म्हणाली, “सुटले हे खरं. पण माझं काहीतरी गेलं, हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं ना?” या प्रश्नाला कुठल्याही डॉक्टरकडे गोळी नाही. ऐकून घेणारा माणूस लागतो.

आता मुलीची गोष्ट. तिनेही सांगायला हरकत नाही म्हटलं आहे. सहावीत असताना आईला जिन्यावर पडलेलं तिने पाहिलं होतं. ती एकतीस वर्षांची असताना तिलाही तीच तक्रार सुरू झाली. आई-मावशीला फायब्रॉइड असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त, हे आम्हाला तेव्हा कळलं. सहा सेंटिमीटरची गाठ, पोकळीवर दाब देणारी. तिला मूल हवं होतं. मी बाप म्हणून लगेच म्हणालो, “आईसारखं करून टाक, मोकळी हो.” माझ्यापुढे ५.९ हा आकडा उभा होता. तेव्हा हिनेच मला थांबवलं. “माझा हिशेब बेचाळीस वर्षांच्या बाईचा होता. तिचा तिला मांडू द्या.”

मुलीने वर्षभर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि लोहाचं औषध घेतलं. हिमोग्लोबिन सावरलं, पण गर्भ राहत नव्हता. मग तिने गाठ काढायची आणि गर्भाशय ठेवायचं, असं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी सहीसाठी फॉर्म आला. त्यात ‘गरज पडल्यास गर्भाशय काढावे लागेल’ असं वाक्य होतं. रक्तस्राव आवरेनासा झाला तर क्वचित तशी वेळ येते. तिने सर्जनना विचारलं, “असं तुमच्याकडे किती वेळा झालंय? तसं होऊ नये म्हणून तुम्ही काय काय करणार?” उत्तर समाधानकारक मिळाल्यावर सही केली. मी छत्तीस वर्षं लोकांना “सगळा फॉर्म वाचून सही करा” असं सांगत आलो. खरोखर वाचणारा ग्राहक मला घरातच भेटला.

तिची मुलगी गणपतीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, स्टेजवरून खाली उतरायला तयार नव्हती ती. सिझेरियन करावं लागलं, कारण गर्भाशयावर आधीची टाक होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत एक लहान गाठ पुन्हा दिसली आहे. सध्या त्रास नाही, म्हणून ती फक्त लक्ष ठेवून आहे. गाठ काढली की सगळ्यांनाच मूल होतं असंही नाही. एकाच घरातल्या दोघी, आजार एकच, निर्णय दोन, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर. कारण दोन्ही त्यांनी स्वतः, माहिती घेऊन केले.

मी नंतर थोडं वाचन केलं, त्यात इंग्लंडच्या व्हिक्टर बॉनी या सर्जनची हकीकत सापडली. गर्भाशय वाचवून गाठी काढण्याचं शस्त्र त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलं. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचं गर्भाशय तरुणपणीच फायब्रॉइडमुळे काढावं लागलं होतं, आणि त्यांना मूल नव्हतं. त्या माणसाने घरातलं दुःख अंगावर काढलं नाही, त्याचं काम केलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांची बातमी आली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीला पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली, अनेकींची ऐन तरुण वयात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, आणि कोणीतरी “कॅन्सर होईल” अशी भीती घालतो. त्यांच्यापुढे मधोमध रेघ मारलेलं पान कोणी ठेवलंच नव्हतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं राबवा, असे आदेश सगळ्या राज्यांना दिले. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही कोणी “पिशवी काढा” म्हटलं असेल, तर त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जाणं हे आपलं काम आहे.

शेवटी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. लिहून घ्यायला हरकत नाही. गाठ कुठे आहे आणि किती आहेत? माझा त्रास नक्की गाठीमुळेच आहे का? काहीच केलं नाही तर काय होईल? औषध किती दिवस, आणि बंद केल्यावर काय? ऑपरेशन असेल तर गर्भाशय आणि बीजांडकोश यांतलं काय राहणार, काय जाणार? आणि हिमोग्लोबिन किती? शेवटचा प्रश्न घरातल्या पुरुषांनी पाठ करायचा. आपल्याला पेट्रोलचा भाव माहीत असतो, बायकोचं हिमोग्लोबिन माहीत नसतं. जाता जाता एक बँकवाल्याचा सल्ला. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींमध्ये या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. पॉलिसी आजच काढून बघा, ती अट वाचा.

भाषण संपवण्याआधी परवा हिला विचारलं, “अजून काही सांगायचं राहिलं का?” ती म्हणाली, “एवढंच सांगा, की कोणी जिन्यात थांबलेली दिसली तर लिफ्टची चौकशी करू नका, तिची करा.”

ती चौकशी मी वेळेवर केली नाही. तुम्ही करा. सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. गुंतवणुकीचे प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाचनंतर घरी या, चहा आता मीच करतो.